घर आपले, जमीन दुसऱ्याची

गेल्या ईदला लंडनहून आलेल्या भाच्याने शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून एक कागद माझ्यापुढे धरला. "मामू, फ्लॅट मी विकत घेतला, कर्ज मी फेडतोय, आणि हे बिल बघा." जिन्याची रंगरंगोटी, विमा, व्यवस्थापन आणि 'इतर' अशा नावांखाली जमीनमालकाने भली मोठी रक्कम मागितली होती. घर पोटभाड्याने द्यायचे तर परवानगी हवी आणि त्या परवानगीच्या चिठ्ठीचीही वेगळी फी. खोतीच्या गोष्टी ऐकत कोकणात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे अगदीच अनोळखी वाटले नाही. पण आपली खोती 1949 च्या कायद्याने गेली. मग इंग्लंडात ही चाल कशी टिकली?

तिथे लीजहोल्ड म्हणजे मुदतीचा पट्टा, 99, 125 किंवा 999 वर्षांचा. घर घेणारा त्या मुदतीपुरता धनी. जमीन आणि बहुधा इमारतीचा सांगाडाही फ्रीहोल्डरचा. मुदत सरली की घर त्याच्याकडे परत. 1677 साली सर थॉमस ग्रोव्हनर यांचे लग्न मेरी डेव्हिस या बारा वर्षांच्या मुलीशी झाले आणि तिच्या वारशाने लंडनच्या पश्चिमेची कुरणे व दलदल त्या घराण्याकडे आली. पुढे तिथेच मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे राहिले. जमीन विकायची नाही, पट्ट्याने द्यायची. बांधणारा स्वतःच्या खर्चाने बांधील आणि नातवंडांच्या काळात इमारत आयती आपल्या हाती येईल, असा हा सौदा.

उमरावांच्या पेठांत तो खपून गेला. दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत मात्र खाणकामगारांच्या घरांवर तो उलटला. एकोणिसाव्या शतकातले 99 वर्षांचे पट्टे विसाव्या शतकाच्या मध्याला संपू लागले आणि बापजाद्यांनी उभारलेली घरे जाण्याची वेळ आली. 1967 मध्ये विल्सन सरकारने अशा घरांच्या रहिवाशांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचे विश्वस्त याविरुद्ध थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये हरले. फ्लॅटवाल्यांना एकत्र येऊन तसा हक्क मिळायला मात्र 1993 साल उजाडले.

आता भाच्याच्या बिलाकडे येतो. एका छपराखाली वीस बिऱ्हाडे असतील तर छप्पर कोणीतरी दुरुस्त केलेच पाहिजे आणि खर्च सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. तत्त्वात चूक नाही. खोट अशी की खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा. 1976 चा फिंचबोर्न विरुद्ध रॉड्रिग्ज हा खटला वाचताना मला हसू आवरले नाही. खर्चाचा आकडा मालकाच्या एजंटाने प्रमाणित करायचा, असे पट्ट्यात लिहिलेले. चौकशीत निघाले की एजंटाच्या पाटीमागे मालक स्वतःच बसलेला! अपील न्यायालयाने ते प्रमाणपत्र तर धरले नाहीच, शिवाय खर्च रास्त आणि वाजवी असलाच पाहिजे, ही अट पट्ट्यात न लिहिताही गृहीत आहे असे सांगितले.

'वाजवी' हाच शब्द 1985 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम 19 मध्ये पक्का बसला. खर्च वाजवी असावा, काम बऱ्या दर्जाचे असावे. कोणाही एकाच्या वाट्याला 250 पौंडांहून अधिक येणार असतील तर कामाआधी रहिवाशांचे म्हणणे ऐकावे. त्यांना हिशेब आणि पावत्या पाहण्याचा हक्क. 1997 पासून हे तंटे न्यायाधिकरणापुढे जाऊ लागले. 2002 च्या कायद्याने परवानगीच्या फीलाही वाजवीपणाची कसोटी लावली. 2012 मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने काही प्रकरणांत पोटभाड्याच्या परवानगीसाठी 40 पौंड अधिक व्हॅट एवढीच फी वाजवी धरली.

पण या शब्दाला कुंपण आहे, आणि ते किती जवळ आहे हे ऑक्सविचच्या लोकांना विचारावे. वेल्सच्या गॉवर द्वीपकल्पावर सुट्टीसाठी बांधलेली ही साधी घरे. त्यांतल्या 25 पट्ट्यांत देखभालीचे वर्षाला 90 पौंड, दर साल 10 टक्के चक्रवाढीने, असे लिहिलेले. महागाईच्या दिवसांत सही करताना कोणाला काही खटकले नसावे. 1980 चे 90 पौंड 2015 पर्यंत अडीच हजारांवर गेले आणि 2072 पर्यंत वर्षाला साडेपाच लाखांपलीकडे जाणार होते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये चार विरुद्ध एक मताने मालकाच्या बाजूने कौल दिला. शब्द स्पष्ट आहेत, वाईट सौद्यातून सोडवणे हे न्यायालयाचे काम नव्हे. रक्कम पट्ट्यातच ठरलेली, खर्चानुसार बदलणारी नाही, म्हणून कलम 19 तिला लागूच नव्हते. जिथे गरज सर्वांत मोठी तिथे कायद्याचा हात पोचू नये, हे मला आजही पटत नाही.

2022 पासून बहुतेक नव्या पट्ट्यांवरचे जमीनभाडे बंद झाले. 2024 च्या कायद्याने आणखी सुधारणा आणल्या, पण त्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. स्कॉटलंडने आपली सरंजामी जमीनपद्धत 2004 मध्येच मोडीत काढली. असो.

भाचा म्हणाला, "भरतच नाही, बघू काय करतात." मी त्याला अडवले. पैसे थकले तर मालक पट्टा रद्द करण्याच्या मागे लागू शकतो. आधी खर्च देय असल्याचा निवाडा घ्यावा लागतो हे खरे, पण त्या टांगत्या तलवारीखाली कोण झोपेल? उलट, केवळ पैसे भरले म्हणून रक्कम कबूल केली असे कायदा मानत नाही. तेव्हा "हरकत राखून" असे लिहून भर, पाच शेजारी गोळा कर आणि पावत्या माग, असे मी सुचवले.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. पावत्या बघायला बोलावले होते. सोबत तळमजल्यावरच्या वृद्ध बाई होत्या. तीस वर्षे त्या दर साल मुकाट्याने बिल भरत आल्या होत्या. जिन्याच्या रंगाची पावती त्यांनी त्या दिवशी प्रथमच हातात धरली आणि चष्मा पुसून तारीख वाचू लागल्या.