विमानवाले आजारी पडतात, एसटीवाले संपावर जातात

मे २०२४ मधली ती बातमी तुम्हाला आठवत असेल. एअर इंडिया एक्स्प्रेसमधले शेकडो केबिन क्रू एकदम आजारी पडले. म्हणजे ऐन वेळी आजारपणाची रजा टाकली आणि मोबाईल बंद करून ठेवले. ८ मे रोजी ऐंशीच्या वर विमानं रद्द झाली. आखातात नोकरीला निघालेली माणसं केरळातल्या विमानतळांवर बॅगा कवटाळून बसलेली दिवसभर टीव्हीवर दिसत होती. कंपनीने पंचवीस जणांना नोकरीवरून काढलं. दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, दिल्लीत कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली, त्या पंचवीस जणांना परत घ्यायचं ठरलं, आणि संप मिटला. ज्यांची विमानं रद्द झाली होती त्यांना एक तर पैसे परत, नाही तर दुसऱ्या तारखेचं तिकीट.

ते सगळं बघताना मला मात्र सारखं मुरबाड आठवत होतं. आठवण्याचं एक कारण जरा गमतीचं आहे. त्या विमान कंपनीत एअरएशिया इंडिया, म्हणजे नंतरची एआयएक्स कनेक्ट, विलीन होत होती. क्रूची तक्रार होती की या विलीनीकरणात आमच्यावर अन्याय होतोय. त्याच्या दोनच वर्षं आधी महाराष्ट्रात एसटीचे कामगार साडेपाच महिने घरी बसले होते, कारण त्यांना विलीनीकरण हवं होतं! महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. एका विलीनीकरणाचा तिढा तिसऱ्या दिवशी सुटू लागला, आणि दुसऱ्यासाठी आख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. हा फरक का पडला, आणि तो कोणाच्या पायांनी भरून निघाला, हे लिहून ठेवावंसं वाटलं.

सिद्धगडला गेलेल्यांना रस्ता माहीत असेल. लोकलने कल्याण. तिथून मुरबाड साधारण तीस किलोमीटर. मुरबाडहून म्हसा आणि पुढे नारिवली. नारिवलीला उतरलं की पायी बोरवाडी आणि मग चढ. गड सव्वातीन हजार फुटांच्या आसपास आहे, मागे भीमाशंकरचं रान. कल्याणच्या पुढे या वाटेवर रेल्वेचा रूळ नाही. शेजारच्या शहापूरला निदान आसनगाव स्टेशन जवळ आहे. मुरबाडकर मात्र रेल्वेबद्दल पिढ्यान् पिढ्या फक्त ऐकत आले आहेत. त्यामुळे इथे ‘गाडी’ म्हटलं की एसटीच.

ही एसटी मुळात आपल्या स्वातंत्र्याच्या वयाची. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली बस सुटली. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी असत. गाडी भरली की सुटणार, आणि पैसे मिळतील त्याच रस्त्याने जाणार. सरकारी गाडीचं वेगळेपण एवढंच, की ती रिकामी असली तरी सुटते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डोंगराच्या पायथ्याच्या गावात ‘गाडी सुटणार’ या एका भरवशावर मुलीची शाळा चालू राहते.

आणि मुक्कामाची गाडी! शहरात वाढलेल्यांना ही भानगड माहीत नसते. संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते ती परत जात नाही. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात, कुठे देवळात, कुठे शाळेच्या ओट्यावर, कुठे गाडीतच सीटवर. पहाटे तीच गाडी दूधवाले, भाजीवाल्या आणि कॉलेजची पोरं घेऊन निघते. कोणीतरी रात्री भाकरी-कालवण देतं, सकाळी चहा देतं. विमानातल्या क्रूला मुक्कामाला हॉटेल मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. आपल्या कंडक्टरला डासांची कॉईल मिळाली तरी खूप झालं. पुढे संपात गावं कामगारांवर फारशी चिडली नाहीत, याचं एक कारण मला या मुक्कामांत दिसतं. ज्याला आपण भाकरी वाढली त्याचा पगार किती आणि तो वेळेवर होतो का, हे गावाला ठाऊक असतं.

आता थोडं मागे जातो, कारण सिद्धगडाचं नाव घेतलं आणि भाई कोटवालांबद्दल बोललोच नाही असं करता येत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, जन्म माथेरानचा, १९१२ चा. नाभिक समाजातला मुलगा शिकून वकील झाला. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं, गावोगाव शाळा, असं काम करता करता १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाला. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. खोपोली, भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारा याच मुलखातून जात. त्या विजेवर मुंबईतल्या गिरण्या आणि रेल्वेगाड्या चालत. मनोरा पडला की डोंगरात काहीच बंद पडत नसे (तिथे वीज होतीच कुठे), बंद पडे ती मुंबई. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोटवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जमतात.

हे आठवायचं कारण असं की चाक थांबवणं हे हत्यार या भागाला नवं नाही. मात्र १९४२ साली चाक थांबलं ते राज्यकर्त्याचं. एसटी थांबते तेव्हा थांब्यावर उभी असते ती कोण? मंत्रालयाला एसटीने जाणारा मंत्री निदान मी तरी पाहिलेला नाही.

१९७४ चा रेल्वे संप, ८ ते २७ मे, हा आपल्याकडच्या संपांचा थोरला भाऊ. जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभर झाला, हजारोंना अटक झाली आणि शेवटी बिनशर्त मागे घ्यावा लागला. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुढे जातो.

एसटीच्या अलीकडच्या दोन संपांत मला एक विचित्र साम्य दिसतं. दोन्ही दिवाळीत आले. ऑक्टोबर २०१७ चा संप सुरू झाला धनत्रयोदशीला, सातव्या वेतन आयोगासाठी. चार दिवसांनी, २० तारखेला, उच्च न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरवला आणि भाऊबीजेला गाड्या सुटल्या. चार दिवस म्हणजे काहीच नाही असं आता वाटतं, पण दिवाळीला माहेरी निघालेल्या बाईला विचारा. भाऊबीज गाठता आली म्हणून लोकांनी तो संप विसरूनही टाकला.

२०२१ चा विसरण्यासारखा नव्हता. कोरोनाने एसटीचं उत्पन्न बुडालं होतं, पगार रखडत होते, कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. २८ ऑक्टोबरच्या सुमारास आंदोलन पेटलं, संघटनांच्या नेत्यांनी ते मिटवलं, पण कामगारांनी नेत्यांचं ऐकलं नाही. ऐन दिवाळीत एकेक आगार बंद होत गेलं आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली अडीचशे आगारं थंडावली. ठाणे विभागातलं मुरबाड त्यातलंच एक.

सरकारने ८ नोव्हेंबरला अधिसूचना काढली की खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनीसुद्धा प्रवासी न्यायला हरकत नाही. मला ही अधिसूचना वाचून हसू आलं होतं. मुरबाड-म्हसा रस्त्यावर टेम्पोच्या हौद्यात माणसं बसायला सरकारची परवानगी कोण मागत होतं? जीप, सहा आसनी, इको, दुधाचा टेम्पो, वीट वाहणारा ट्रक, मोटरसायकलवर तिघे. ही सगळी व्यवस्था एसटीच्या बाजूला पूर्वीपासून होतीच. संपाने फक्त बाजूची व्यवस्था मुख्य केली.

मग लोकांची अडचण झाली कुठे? मुंबईत बसून वाटतं की प्रवास बंद पडला. तसं झालं नाही. कल्याणला कामाला जाणारा कामाला गेला, दीडपट-दुप्पट पैसे मोजून आणि लोंबकळत. ज्याच्याकडे गाडी होती तो गाडीने गेला. अडले ते सवलतीवर प्रवास करणारे. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे आणि गावातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत प्रवास फुकट. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. जीपवाला पास बघत नाही. त्याचंही बरोबर आहे, त्याला डिझेल भरायचंय, आणि त्याच्या भाड्यात सरकार भर घालत नाही. पण ज्या मुलीचा प्रवासखर्च काल शून्य होता तो आज रोजचे चाळीस-पन्नास रुपये झाला, तर मजुरी करणाऱ्या घरात त्याचा हिशेब लगेच होतो. दोन मुलं असतील तर कोण जाणार आणि कोण घरी बसणार, हेही बहुतेक ठरलेलं असतं.

त्यात वेळ बघा. दीड वर्षाच्या कोरोनासुट्टीनंतर ग्रामीण भागातले पाचवीच्या पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले होते. शाळा उघडली आणि महिन्याभरात गाडी बंद. तंगडतोड करणारी मुलं गेली. मुरबाडात नातेवाईक असलेली त्यांच्याकडे राहिली. ज्यांना यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं त्यांच्या नावापुढे हजेरीत काय लागलं असेल ते सांगायला नको. बारावीची परीक्षा ४ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि दहावीची १५ मार्चला. तोवरही संप चालूच! एक बरं झालं, कोरोनामुळे बोर्डाने त्या वर्षी ज्या त्या शाळेतच परीक्षेची सोय केली होती. एसटी बंद आहे म्हणून ही सोय झाली नव्हती, पण कामाला आली ती तिथेच.

आणि कामगार? २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली होती. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ५ हजार, वीसपर्यंत ४ हजार, त्यापुढे अडीच हजार. काही परतले. बहुतेकांनी विलीनीकरणाशिवाय यायचं नाही असं धरून ठेवलं. निलंबनं झाली, मग बडतर्फी. पाच महिने पगार नाही म्हणजे काय, तर मिळेल ती मजुरी करायची. माझं मत विचाराल तर पगाराची मागणी शंभर टक्के रास्त होती, आणि विलीनीकरण होणार नाही हे नोव्हेंबरातच दिसत होतं. ते कामगारांना कोणी स्पष्ट सांगितलं नाही. सरकारने समिती नेमून वेळ काढला, कामगारांच्या नव्या पुढाऱ्यांनी आशा वाढवून. दोघांचं जेवण वेळेवर होत होतं. समितीने विलीनीकरणाला नकार दिला, ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या असं सांगितलं, येणाऱ्यांना काढू नका असंही सांगितलं, आणि गाड्या हळूहळू सुटू लागल्या.

सुरुवातीला विमानाची गोष्ट सांगितली तिचा हिशेब असा. एक विमान उडालं नाही की कंपनीचं नुकसान त्याच तासाला दिसतं, प्रवासी भरपाई मागतो, आणि समोर तडजोड करायला एक मालक असतो. नारिवलीची गाडी सुटली नाही तर महामंडळाचं त्या फेरीपुरतं डिझेल वाचतं! त्या रस्त्याला मुळात तोटाच. म्हणून कोणालाच घाई नव्हती.

संपानंतर एसटीने सवलती वाढवल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास फुकट, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. भाजीची टोपली घेऊन कल्याणला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. ती आता जीपवाल्याने हाक मारली तरी थांब्यावरून हलत नाही, गाडीला वीस मिनिटं उशीर झाला तरी चालेल म्हणते.