माहितीची पर्याप्तता

माहितीची पर्याप्तता : स्पर्धा परीक्षांतील अंकगणित व बुद्धिमापन चाचणीचा एक प्रश्नप्रकार. परीक्षार्थींमध्ये तो ‘डेटा सफिशियन्सी’ या नावाने रूढ आहे. यात एक प्रश्न व त्याखाली बहुधा दोन विधाने असतात. उत्तर काढून मागितले जात नाही, तर ते निश्चित करण्यास कोणते विधान पुरेसे आहे, एवढेच ठरवायचे असते. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून, तर महाराष्ट्राच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून आलेल्या ‘सीसॅट’ प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीवर त्याचा समावेश आहे. बँकभरती व जीमॅट या परीक्षांतही तो आढळतो.

पद्धत : पहिले विधान एकटे पुरेसे, दुसरे एकटे पुरेसे, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे, दोन्ही मिळूनच पुरेसे, किंवा दोन्ही मिळूनही अपुरे, असे पाच निष्कर्ष संभवतात. प्रथम दुसरे विधान झाकून पहिले तपासावे, मग पहिल्यातील माहिती मनातून काढून दुसरे तपासावे, आणि दोन्ही एकेकटी अपुरी ठरली तरच ती एकत्र करावीत. पहिले विधान पुरेसे ठरताच पाचांपैकी दोनच निष्कर्ष उरतात. पर्यायांचा क्रम परीक्षेगणिक बदलतो, म्हणून तो आधी वाचावा.

उदाहरण : हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथील एका शेतकऱ्याने ५० व ६० किलोंच्या पोत्यांत हळद भरली, तर ६० किलोंची पोती किती? (१) सर्व पोती पूर्ण भरून हळद एकूण १७० किलो झाली. (२) एकूण पोती ३ आहेत. दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे हवीत, या सवयीने दोन्ही विधाने आवश्यक वाटतात; परंतु पोत्यांची संख्या पूर्णांकच असल्याने ५० किलोंचे १ व ६० किलोंची २, ही एकच मांडणी शक्य आहे आणि पहिले विधान एकटेच पुरते. दुसऱ्यातून मात्र निश्चित उत्तर मिळत नाही.

दक्षता : ‘क्ष धन आहे का?’ अशा प्रश्नात निश्चित ‘नाही’ हेही पुरेसे उत्तर होय. क्षचा घन उणे २७ असल्यास माहिती पुरेशी असते. वर्ग ९ असल्यास क्ष ३ किंवा उणे ३ संभवतो, म्हणून ती अपुरी ठरते. विधान अपुरे आहे हे सिद्ध करण्यास त्यात बसणारी, पण भिन्न उत्तरे देणारी दोन उदाहरणे पुरतात; ते पुरेसे आहे हे मात्र तर्कानेच सिद्ध करावे लागते.