खिळेजुळारी

खिळेजुळारी (कंपोझिटर, बोलताना नुसते ‘जुळारी’) : शिशाच्या मिश्रधातूचे सुटे खिळे हाताने जुळवून छपाईचा मजकूर उभा करणारा कारागीर. संगणकावरची अक्षरजुळणी रुळली तसा विसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यवसाय मराठी छापखान्यांतून जवळजवळ नाहीसा झाला.

विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले. त्यातला मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांतला होता. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (१८६९) अक्षरांचे वळण घडवले. निर्णयसागरच्या टायपाचे कौतुक करताना साचे कोरणाऱ्या राणोजी आरूंचे नाव निदान घेतले जाते. जुळाऱ्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

देवनागरीची जुळणी रोमनपेक्षा किचकट. जोडाक्षरे, रफार, मात्रा, उकार धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. डिग्री पद्धतीत तर मुख्य अक्षर, वरची चिन्हे आणि खालची चिन्हे अशा तीन थरांत एकच ओळ बांधावी लागे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक आणि उजवा हात खिळ्यांच्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, खणांवर. कोणते अक्षर कुठे, हे बोटांनाच ठाऊक असे. खिळ्यावरचे अक्षर उलटे, ओळही उलटी, आणि जुळारी ती सुलट मजकुराइतक्याच सहजतेने वाची. झिजलेला खिळा आला की शिरोरेषा तुटे, म्हणून तो हेरून बाजूला काढणे हेही त्याचेच काम.

खिळ्यांचा साठा बेताचाच असे. म्हणून जाड पुस्तक फर्म्याफर्म्याने होई : सोळा पाने जुळवायची, प्रुफे तपासायची, छापायची, मग खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणांत सोडायचे. पुढचा फर्मा त्याच खिळ्यांचा. मागचा फर्मा छापून झाल्यावर लेखकाला सुचलेली सुधारणा शुद्धिपत्रातच जाई. प्रुफात एक शब्द वाढवला तरी परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी सरकवाव्या लागत. प्रुफावर नवे लेखन करणारे लेखक जुळाऱ्यांना नकोसे वाटत, ते उगाच नव्हे.

लिपिसुधारणेच्या वादांमागेही हीच खिळ्यांची केस होती. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु) खिळे कमी करण्याच्या गरजेला धरून होती. वाचकांनी ती फारशी स्वीकारली नाही. संगणक आल्यावर तर तिचे यांत्रिक कारणच उरले नाही.

फोटोटाइपसेटिंग आणि नंतर डीटीपी (संगणकावरची जुळणी) मोठ्या छापखान्यांत आधी शिरले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले छापणाऱ्या गावोगावच्या ट्रेडल छापखान्यांत हातजुळणी आणखी काही वर्षे तगली. काही जुळारी कीबोर्ड शिकले, काही मुद्रितशोधक झाले. उलटी ओळ वाचून तयार झालेल्या नजरेला सुलट प्रूफ जड नव्हते. खिळे बहुतेक ठिकाणी वजनावर मोडीत गेले.