गणतीत नसलेलं मांजर

आंबोलीत पावसाळा लागला की मांजर चुलीपाशी जातं, ते गणपतीपर्यंत तिथून हलत नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात घरातली कोरडी, उबदार जागा एकच, चुलीच्या वैलामागची. म्हणून मांजराचं दुखणं ओळखायला नाडी बघावी लागत नसे. चूल धगधगत असताना ते उठून लाकडांच्या ढिगामागे काळोखात जाऊन बसलं, की घरातली म्हातारी समजे, मांजराचं काहीतरी बिनसलंय. मग बांबूची पाटी निघे. तीत गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि नारळाच्या करवंटीत पेजेचं निवळ. मांजराचा दवाखाना तो एवढाच.

जनावरांच्या सरकारी इतिहासात हा दवाखाना सापडत नाही. आंबोली नकाशावर ठळक झाली ती बैलांमुळे. वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीला घाटातून जाई, आणि सावंतवाडी संस्थानातले ब्रिटिश राजकीय अधिकारी कर्नल वेस्ट्रॉप यांनी 1880 च्या दशकात इथे थंड हवेचं ठिकाण वसवलं. घाट चढणाऱ्या बैलाचा खूर फाटला तर व्यापार अडे. म्हणून त्याला नालबंद होता, खांद्याच्या गाठीवर डाग देणारा जाणकार होता. मांजराचं काय अडणार? ते दूध देत नाही, औत ओढत नाही. उलट असलेलं दूध पिऊन जातं.

वरच्या पातळीवरही हाच हिशेब होता. मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय उघडलं, 1889 साली पुण्यात साम्राज्याची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. डोळ्यांपुढे होते लष्कराचे घोडे आणि बुळकांडीने पटापट मरणारी गुरं. परळलाच 1883 साली दिनशॉ पेटिट यांच्या पत्नीच्या नावाने स्थापन झालेलं बाई साकरबाई रुग्णालय त्या मानाने मोठ्या मनाचं. तिथे लहान जनावरालाही दार उघडं होतं. पण परळ आंबोलीपासून शेकडो कोस. इथे मराठी माणसाच्या तोंडी आजही ‘गुरांचा दवाखाना’ हाच शब्द आहे, आणि त्यात मांजर न्यायचं म्हटलं की शेजारी हसतात.

तरी मांजराची किंमत कोणी जाणलीच नव्हती असं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरं आणि मुंगसं सोडावीत असं सांगितलंय, आणि त्यांना पकडणाऱ्या-मारणाऱ्याला 12 पण दंड. मराठी घरांत दंडाऐवजी काशीची भीती होती: मांजर मेलं हातून, तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. महिपतीने ‘भक्तविजया’त सांगितलेली राका कुंभाराची गोष्ट पंढरपूरची. मांजरी कच्च्या मडक्यात व्याली, कुंभाराने नकळत आवा पेटवला, मांजरी भोवती टाहो फोडत फिरू लागली. आवा निवला तेव्हा पिल्लांचं मडकं कच्चंच होतं आणि पिल्लं जिवंत. पिल्लं वाचावीत म्हणून केलेला नवस फेडायला राकाने घरदार लुटवलं. एवढ्याशा पिल्लांसाठी एवढं मोल, हे ऐकणाऱ्याला पटत होतं म्हणून तर गोष्ट टिकली.

सरकारला मांजर आठवलं ते मात्र फक्त एकदा, जीव टांगणीला लागला तेव्हा. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढची कित्येक वर्षं देशभर फिरला. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे कळल्यावर वऱ्हाडात, अमरावतीला असलेले लष्करी डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजायला घेतली. जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असं त्यांनी 1908 च्या सुमारास मांडलं. मांजर पाळणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम ठरलं ते त्या काळी. मांजरालाही प्लेग होतो, आणि त्याच्याकडून माणसाला लागू शकतो, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली. प्लेग ओसरला, मांजर पुन्हा वैलामागे गेलं. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत गाय-बैलांपासून कुत्री, ससे, हत्तीपर्यंत सगळे मोजले गेले, मांजर नाही.

चुलीजवळच्या उपचारांत बराच शहाणपणा होता. आजारी मांजराला ऊब, काळोख आणि एकांत हवा असतो, तो पाटीत मिळे. बांगड्याचं डोकं हे कोकणी मांजराचं रोजचं खाणं, आणि 1987 साली अमेरिकेत डेव्हिस इथले पशुवैद्य पॉल पायन यांनी दाखवून दिलं की मासळी-मांसातलं टॉरिन नावाचं द्रव्य कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगतं. नुसत्या दूधभातावर वाढलेलं मांजर त्याबाबतीत दुबळं. दूध हे औषध मात्र चुकीचंच. मोठ्या मांजराला ते पचत नाही आणि हगवण वाढते.

खरा घात नंतर झाला, चुलीने नव्हे, कपाटाने. लादीवर फिनेल आलं. मांजर पाय चाटतं आणि फिनेल पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध उरलं म्हणून मांजराच्या मानेवर टाकलं जातं, आणि त्यातल्या परमेथ्रिनने त्याला झटके येतात. सगळ्यांत वाईट तापाची गोळी. माणसाच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारी जी सोय असते ती मांजराकडे जवळपास नसते. 500 मिलिग्रॅमची एकच गोळी त्याला पुरते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पेजेने कधी मांजर मेलं नसेल. मायेने दिलेल्या अर्ध्या गोळीने मात्र मेलंय.

पाटीतल्या उपचारालाही मर्यादा आहे. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि धष्टपुष्ट मांजराला हा धोका जास्त. अशा वेळी पाऊस उघडायची वाट बघू नये. आंबोलीहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर. दरड आली नसेल तर घाट तासाभरात उतरतो. मांजराला त्याच पाटीत घालावं, वर फडकं बांधावं, आणि हसणाऱ्या शेजाऱ्यालाच गाडी काढायला सांगावी.