मुस्तफाचे घराणे

वडखळच्या नाक्यावर रस्ता दुभंगतो. एक वाट गोव्याकडे जाते, दुसरी पोयनाडवरून अलिबाग-रेवदंड्याकडे वळते. आमचे घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आणि शाळा पेणला; त्यामुळे माझे अर्धे बालपण एस.टी.ची वाट पाहण्यात गेले. वाट पाहणाऱ्या मुलाच्या खिशात एक रुपया असला म्हणजे काय घडते, त्याची ही हकीकत आहे. तीत मी थोडा आहे आणि जपान फार आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर जपानचा इतिहास कोणी वाढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरातली नातवंडे मोबाइलवर बोटे नाचवीत बसली असतील, तर आजोबांनी हा मजकूर जरूर वाचून पाहावा.

१९९५ साली मी नववीत होतो. पेणला स्टँडमागच्या एका बोळात एका दुकानदाराने तीन लाकडी कपाटे मांडली होती. कपाटे इथल्याच कोणा सुताराने ठोकलेली, पण पोटात दूरदर्शनसारखा पडदा, समोर एक हँडल, दोन-तीन बटणे आणि खाली रुपया टाकायची फट. दाराला काळा पडदा लावलेला असे. त्यामुळे आत काहीतरी वाईट चालले आहे, अशी गावाची खात्री होती आणि आत काहीतरी अद्भुत चालले आहे, अशी आमची. मधल्या कपाटातल्या खेळाला आम्ही सारे ‘मुस्तफा’ म्हणत असू. त्याचे खरे नाव इंग्रजीत पडद्यावर झळकत असे, पण ते वाचण्यात रुपयाची सेकंदे कोण घालवणार?

एकदा दळणाच्या पैशांतले दोन रुपये मी त्या फटीत टाकले आणि गिरणीवाल्याकडे उधारी ठेवली. चार दिवसांनी ती आप्पांना कळली. आप्पा म्हणाले, “हा जुगार आहे. परदेशातून आलेला जुगार.” मी विचारले, “मग गणपतीच्या जागरणाला तुम्ही रात्रभर खेळता, तो कुठला?” या प्रश्नाचे उत्तर मला गालावर मिळाले.

खरे उत्तर मिळायला पुढे वीस-पंचवीस वर्षे गेली, आणि ते निघाले आमच्याच नाक्यावरून फुटणाऱ्या दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला.

रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या एका अंगाला रेवदंड्याचा कोट, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला. हे पोर्तुगीजांचे चौल. १५२१ साली त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० पर्यंत, म्हणजे मराठ्यांनी तो घेईपर्यंत, दोनशेहून अधिक वर्षे ते इथे नांदले. कोर्लई गावात आजही काही ख्रिस्ती कुटुंबे घरात पोर्तुगीजातून उपजलेली एक बोली बोलतात. आपण न्याहारीला पाव खातो, भाजीला बटाटा आणतो, दाराला चावी लावतो; हे तिन्ही शब्द या पाहुण्यांनी मागे ठेवलेले आहेत.

हेच पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. सहा वर्षांनी, १५४९ च्या एप्रिलात, गोव्याहून सेंट फ्रान्सिस झेवियर जपानला निघाला आणि ऑगस्टात कागोशिमाला पोहोचला. त्याने धर्म नेला. खलाशांनी आपल्या पेट्यांतून पत्ते नेले. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणू लागले आणि पत्त्यांना ‘कारुता’. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजच आहेत. ते पत्ते चौलच्याच कोणा खलाशाने नेले, असे मी म्हणत नाही. एवढे मात्र खरे, की ज्या गलबतांनी आपल्याला पाव दिला, त्यांच्याच भाऊबंदांनी जपानला पत्ता दिला.

आपल्याकडे पत्ते त्याआधीच आले होते, पण खुष्कीच्या वाटेने, इराणकडून. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या गंजिफ्याला पुढे इथल्या चिताऱ्यांनी दशावतार चढवले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल: वाटोळे, हाताने रंगवलेले एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्य-कूर्म हातात धरून डाव मारायचा, म्हणजे खेळही झाला आणि नामस्मरणही! या तोडीची सोय दुसऱ्या कुठल्या देशाने केली असेल, असे मला वाटत नाही.

जपानने मात्र वेगळीच शक्कल लढवली. १६३९ साली तिथल्या सरकारने पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले. पत्ते राहिले, आणि पत्त्यांबरोबर पैसे लावणेही राहिले. सरकारने पत्त्यांवर बंदी घालावी, करणाऱ्यांनी चित्रे बदलावीत, मग सरकारने त्या नव्या पत्त्यांवरही बंदी घालावी, असा लपंडाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. शेवटी असे पत्ते निघाले, की ज्यांवर आकडाच नाही. नुसती फुले! बारा महिन्यांचे बारा रंग, दर महिन्याचे चार पत्ते, एकूण अठ्ठेचाळीस. पोर्तुगीज जोडातही अठ्ठेचाळीसच असत. जानेवारीला पाइन वृक्ष, मार्चला चेरीचा बहर, आणि ऑगस्टच्या एका पत्त्यावर गवताच्या टेकडीवर उगवलेला असा पूर्ण चंद्र, की आपल्या कोजागिरीची आठवण व्हावी. या पत्त्यांना ‘हानाफुदा’ म्हणतात.

पुढे बंदी सैल झाली आणि १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने हानाफुदा बनवण्याचे दुकान काढले. दुकानाचे नाव निन्तेंदो. घरातल्या मुलांना हे नाव विचारा. ती एकदम ताठ बसतील. हेच ते निन्तेंदो. कंपनी आजही फुलांचे पत्ते छापते.

पण पत्तेवाल्यांनी खेळांची कपाटे बनवण्याआधी त्या धंद्यात दुसरे उतरले होते. ओडेसा शहरात जन्मलेल्या मायकेल कोगन यांनी १९५३ साली तोक्योत ‘ताइतो’ काढली. मासाया नाकामुरा यांनी १९५५ साली योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी दोन डुलणारे यांत्रिक घोडे मांडले. त्यांची कंपनी पुढे ‘नाम्को’ झाली. म्हणजे मूळ कल्पना आपल्या जत्रेतल्या पाळण्याचीच. आई खरेदी करील, तोवर पोर घोड्यावर डुलेल.

खरी क्रांती १९७८ साली झाली. ताइतोतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. अकरा-अकराच्या पाच रांगांनी पंचावन्न परग्रहवासी खाली सरकत येतात आणि खाली आपली एकुलती एक तोफ. यात एक गंमत आहे. शत्रू मरत गेले, की उरलेले वेगाने धावू लागतात. ही मुळात कोणाची योजना नव्हती. त्या काळच्या यंत्राला पंचावन्न आकृत्या हलवताना दम लागे. संख्या घटली, की ते हलके होऊन पळू लागे. निशिकादोंनी हा दोष तसाच राहू दिला. शेवटचा शत्रू सर्वांत चपळ का, हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते. त्याची छाती मात्र धडधडते.

१९८० साली नाम्कोच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ आणला. सगळीकडे गोळीबार चाललेला पाहून त्यांना वाटले, मुलींनीही यावे असा खेळ हवा. म्हणून विषय घेतला खाण्याचा. एक पिवळे तोंड बोळाबोळांतून ठिपके खात पळते आणि चार भुते मागे लागतात. आपल्या आट्यापाट्याच म्हणा ना! पण इवातानींनी चारही भुतांना स्वभाव दिले. तांबडे सरळ पाठलाग करते; गुलाबी आपल्यापुढची वाट अडवू पाहते. आट्यापाट्या खेळलेल्याला ही दोन्ही माणसे लगेच ओळखू येतील. आमच्या आळीत तशी दोन्ही होती.

मग निन्तेंदो पुढे आली, तीही अडचणीत सापडून. अमेरिकेला पाठवलेल्या एका खेळाची सुमारे दोन हजार कपाटे विकलीच गेली नाहीत. त्यांच्या पोटात नवा खेळ भरायचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले. १९८१ साली त्यातून ‘डाँकी काँग’ निघाला. माकड वरून पिंपे लोटते, सुतार उड्या मारीत वर चढतो. मारायचे नाही, उडी चुकवायची नाही, एवढेच! सूरपारंब्या खेळून ढोपरे फोडून घेतलेल्यांना यात नवे काही शिकवावे लागत नाही. तो सुतार पुढे मारिओ या नावाने जगप्रसिद्ध झाला.

असे प्रकार वाढत गेले. सेगाने १९८५ साली ‘हँग-ऑन’मध्ये प्रत्यक्ष मोटारसायकलीचा सांगाडाच ठेवला, वळणावर अंग झोकून द्यायचे. कॅपकॉमने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर’चा दुसरा भाग काढला आणि खेळाचा आखाडा केला. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, यंत्र फक्त पंच. त्यातल्या आठ मल्लांत एक भारतीय योगी आहे: हातपाय वाटेल तितके लांबवतो आणि तोंडातून अग्नी ओकतो. जपान्यांनी आपली केलेली कल्पना ही! आम्ही मुले मात्र अभिमानाने त्यालाच निवडत असू आणि हरत असू.

आणि १९९३ साली कॅपकॉमनेच एका अमेरिकन चित्रकथेवरून ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ रचला. चौघे नायक, त्यांतला चपळ तो मुस्तफा. चालत राहायचे आणि आडवा येईल त्याला लोळवायचे, शेजारी मित्र उभा असेल तर दोघांनी मिळून. या खेळाला भारतातल्या मुलांनी त्या चौघांतल्या एकाचेच नाव देऊन टाकले. दोन्ही बटणे एकदम दाबली, तर मुस्तफा गरकन फिरून भोवतालचे सारे पाडी. पण त्यात त्याचा स्वतःचाही जीव थोडा खर्ची पडे. तो मेला, की पडद्यावर आकडे उलटे मोजले जात. आकडे शून्यावर यायच्या आत रुपया टाकला, तर मुस्तफा पुन्हा उठणार.

साऱ्या कारागिरीचे मर्म या उलट्या आकड्यांत आहे. जपानात शंभर येनचे नाणे, पेणला रुपया. त्या नाण्याने काही मिनिटेच टिकावे, अशी मालकाची गरज. पण हरलेल्याला यंत्राने लुबाडले असे वाटता कामा नये. आपलीच चूक झाली, पुढच्या खेपेस नक्की जमेल, असे वाटले पाहिजे. पैसा लुबाडणे सोपे आहे. हरणाऱ्याला हुरूप देऊन पैसा घेणे ही विद्या आहे. आप्पा जुगार म्हणाले ते सर्वस्वी खोटे नव्हते. मात्र जुगारात पैसे परत मिळण्याची आशा असते. इथे ती मुळीच नव्हती. आम्ही फक्त जरा जास्त वेळ जिवंत राहण्यासाठी पैसे मोजत होतो.

आमच्यात एक खाडीकाठचा मुलगा होता. एका रुपयात तो मुस्तफाला शेवटपर्यंत नेई आणि आम्ही त्याच्या पाठीशी दाटीवाटीने उभे राहून पाहत असू. दहावीला तो नापास झाला. गावाने त्या कपाटाला दोष दिला. त्याच्या बापाची होडी सावकाराकडे गेली होती आणि हा पहाटे चारला उठून मासळीच्या टोपल्या उचलत होता, हेही गावाला माहीत होते. पण कपाटाला दोष देणे सोपे होते. आज मी शिक्षक आहे. शाळेत एखाद्या मुलाविरुद्ध मोबाइलची तक्रार आली, की मी आधी तो पहाटे किती वाजता उठतो ते विचारतो.

तो बोळ आता ओळखू येत नाही. कपाटे कुठे गेली, कोण जाणे. परवाच्या गणपतीत जागरणाच्या रात्री सतरंजीवर मेंढीकोट रंगला होता. आप्पांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे, पण पत्ते पिसायला ते कोणाला देत नाहीत. मी त्यांना चौलपासून क्योटोपर्यंतची ही सारी कथा सांगितली. ज्या पत्त्यांच्या दुकानातून तो उड्या मारणारा सुतार निघाला, त्या दुकानापर्यंत आणून सोडले. त्यांनी पिसता पिसता सगळे ऐकून घेतले.

“त्या फुलांच्या पत्त्यांत हुकूम कोणता?” त्यांनी विचारले.

“हुकूम नाही, आप्पा. महिन्याला महिना जुळवायचा.”

“हुकूम नाही?” ते क्षणभर थांबले. मग माझ्या मुलाकडे वळून म्हणाले, “ये रे, तो मोबाइल ठेव आणि बस इथे. एक भिडू कमी आहे.”