बहिणाबाई : नाव आपल्या खानदेशाचं

बहिणा म्हणजे बहीण. पुढे मानाचं 'बाई' लागलं की झालं बहिणाबाई. तुकोबांना गुरू मानणाऱ्या सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचं हेच नाव.

आपल्या बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळ असोद्याला जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता रचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी जपली. त्या गेल्यावर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक निघालं.

आता बारशाला हे नाव क्वचितच ऐकू येतं. पण २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जळगाव-धुळ्याच्या लेकींच्या पदवीवर ते छापलेलं असतं.

म्हणून गटाच्या वहीत 'अमक्याची आई' नको. प्रत्येकीनं स्वतःचं नाव लिहावं.