निळ्या गोळीची पूर्वपीठिका

आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, सरकारी व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना एक निळी गोळी दिली जाते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लोहाविषयी पाठ्यपुस्तकात थोडेफार असते. फॉलिक आम्लाची कथा मात्र आपण वर्गात सहसा सांगत नाही. ती मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांपासून सुरू होते.

1928 साली ल्युसी विल्स ही इंग्लंडमधील डॉक्टर मुंबईला आली. गरोदरपणात अनेक गरीब स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होई, आणि त्यातच काही दगावत. त्याचे कारण शोधण्याचे काम हाफकिन संस्थेत सुरू होते. खर्च लेडी टाटा स्मारक न्यासाने उचलला होता. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाच्या कमतरतेत त्या उलट लहान होतात. म्हणजे हा रक्तक्षय वेगळा होता. अनेकांना तो जंतुसंसर्गाचा परिणाम वाटे. विल्स यांनी मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांसोबत स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध जवळजवळ नव्हते, त्यांच्यातच हा आजार अधिक होता. आमच्या मते या संशोधनातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या बाईने रुग्णाच्या घरी काय शिजते, हेही विचारले.

पुढे कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत उंदरांना, आणि नंतर माकडांनाही, याच स्त्रियांसारखा निकस आहार देऊन पाहण्यात आले. प्राण्यांनाही रक्तक्षय झाला. मग एकेक पदार्थ देऊन पाहणे आले. त्यात ‘मार्माइट’ उपयोगी ठरले. बिअर तयार केल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट लेप इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. मुंबईच्या रुग्ण स्त्रियांनाही त्याने गुण आला. यकृताचा अर्क महाग होता, हे स्वस्त होते. 1931 साली हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मार्माइटमध्ये नेमके काय आहे, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता येईना. म्हणून त्याला नुसतेच ‘विल्स घटक’ म्हणत. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या कित्येक टन पानांतून एक आम्ल वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव पडले फॉलिक आम्ल. विल्स यांचा घटक तो हाच. 1945 पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवताही येऊ लागले. त्या चमूचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते.

हे सगळे घडत असताना परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि 1948 नंतरही हे ज्ञान खेड्यात पोचायला बराच काळ जावा लागला. गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुले यांना लोह-फॉलिक आम्ल देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. शाळेतल्या मुलीची पाळी आली 2013 साली. शोधनिबंध आणि ही गोळी यांत 82 वर्षांचे अंतर आहे! मुलगी आई होणार असेल तरच तिच्या रक्ताची काळजी करायची, असाच याचा अर्थ झाला. वस्तुतः मासिक पाळी सुरू झाल्यापासून तिची लोहाची गरज वाढते. रक्तक्षय झालेली मुलगी लवकर थकते, तिचे लक्ष लागत नाही, आणि आपण तिला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले; 2015-16 मध्ये हे प्रमाण 54.1 टक्के होते. बोटातून रक्त घेऊन मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत. ते धरूनही आकडा लहान म्हणता येणार नाही.

परभणीच्या ताटात ज्वारीची भाकरी आहे. ज्वारीत लोह असते, पण फायटेट नावाचे द्रव्यही असते आणि ते लोहाला धरून ठेवते. त्यामुळे आतड्यात लोह कमी शोषले जाते. भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास शोषण सुधारते, जेवणावर लगेच चहा घेतल्यास घटते. 2018 साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत लोह 30 च्या आसपास. गावात कोणी ते पेरले आहे का, हे विद्यार्थ्यांनी शोधून काढावे. विज्ञानाचा चांगला प्रकल्प होईल.

गोळीचा रंग निळा आहे, कारण गरोदर स्त्रियांची गोळी लाल असते. दोन्हींत गल्लत होऊन कुजबुज होऊ नये. तरीही शंका येतात. शौचाला काळे होते, कधी मळमळते. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, तो निरुपद्रवी आहे, आणि गोळी रिकाम्या पोटी न घेतल्यास मळमळ कमी होते. एवढे आधी सांगितले तर मुली गोळी दप्तरात लपवून घरी नेत नाहीत.

एक अडचण मात्र वर्गात बसून सुटणारी नाही. दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलगी हंगामी वसतिगृहात राहिली तर तिची शाळा चालू राहते. पण थोरल्या मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर नेतात. शाळेबाहेरच्या मुलींना गोळी देण्याचे काम अंगणवाडीचे. पण तिचे नाव परभणीच्या यादीत, आणि ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या तळावर. कुटुंब कोणत्या कारखान्यावर जाणार आहे हे निघण्यापूर्वी विचारून गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना कळवता येईल, म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राकडे त्या मुलींची नावे पाठवता येतील.